लष्करच्या वाड्यात झॉम्बी शिरले तर हाती काय घ्यावं

खंडेनवमीला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी देवघरासमोर पाट मांडतात. त्यावर पणजोबांची तलवार, वडिलांच्या परवान्याची दुनळी बंदूक, कुऱ्हाड, पहार, विळी, आईची कात्री आणि माझी तेल पाजलेली काठी अशी सगळी मंडळी एका रांगेत. तीन वर्षांपूर्वी झेंडूची माळ घालता घालता पुतणीनं विचारलं, "काका, झॉम्बी आले तर यातलं काय उचलायचं?" मी लगेच दुनळीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "पण बार काढला की आवाजानं आणखी येतील ना?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून दर मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं गच्चीवर, चौकात आणि जिन्यात एकेक हत्यार हातात घेऊन बघतो आहोत. बंदुकीचे प्रयोग रिकाम्या टरफलांवर केले आणि तेही वडिलांच्याच हातून, कारण परवाना त्यांचा आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: शत्रू कोणता ते आधी ठरवा

शस्त्र निवडण्याआधी समोर कोण आहे हे पक्कं करावं लागतं. आमचा झॉम्बी संथ चालतो, आवाजाच्या दिशेनं वळतो, चावला की माणूस त्याच्यासारखा होतो आणि मेंदू निकामी झाल्याशिवाय थांबत नाही. पण या सगळ्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याला दुखत नाही.

यावर दोन मिनिटं थांबून विचार करा. माणसानं माणसासाठी केलेली बहुतेक शस्त्रं दुखवून, घाबरवून किंवा रक्त काढून काम करतात. नडगीवर काठी बसली की माणूस खाली बसतो. डोळ्यांत मिरची गेली की मागे फिरतो. पोटात तलवार गेली की कोसळतो. झॉम्बीला यातलं काहीच लागू पडत नाही. म्हणजे मिरचीची पूड, चाबूक, कट्यार आणि बिचवा पहिल्याच फटक्यात बाद. उरतात तीन कामं: कवटी फोडणं, पाडणं आणि अंतरावर थोपवून धरणं. पुढे प्रत्येक हत्यार या तीन कामांवरच तपासायचं.

कवटी फोडणं वाटतं तितकं सोपं नाही. कपाळाचं आणि मागचं हाड जाड, कानशिलाजवळचं पातळ. शिवाय डोकं गोल असल्यामुळे जरा तिरका बसलेला घाव घसरून खांद्यावर उतरतो.

दुसरी पायरी: टेप घेऊन घर मोजा

ही पायरी लोक गाळतात. आमचा जिना दोन फूट चार इंच रुंद आहे. सहा फुटी काठी त्यात आडवी सोडाच, वळणावर उभीही नीट वळत नाही. दिंडी दरवाजातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून आत येतो. चौक मोकळा आहे, गच्ची त्याहून मोकळी. लष्करमधल्या दाणे ओळीतल्या किंवा एखाद्या गोठीतल्या, म्हणजे जुन्या सरदारी वस्तीतल्या, घरांची रचना साधारण अशीच असते. अशा घरात दारात भोसकायचं किंवा रेटायचं हत्यार लागतं, जिन्यात आखूड, आणि फिरवून मारायची हत्यारं फक्त चौकात. फ्लॅट असेल तर लिफ्टसमोरची जागा आणि जिन्याचं वळण मोजून घ्या.

इथे प्रत्येक जण विचारतो, "मग किल्ल्यावर का जायचं नाही?" ग्वाल्हेरचा किल्ला सुमारे तीन किलोमीटर लांब, कडे ताशीव, वर पाण्याची कुंडं. कुणालाही मोह होईल. पण त्याचा इतिहास नीट वाचा. १७८० च्या ऑगस्टमध्ये महादजी शिंद्यांच्या ताब्यातला हा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमनं रात्री शिड्या लावून घेतला. कड्यावर पाय घसरू नये आणि आवाज होऊ नये म्हणून त्याच्या शिपायांना कापूस भरलेले गवती जोडे दिले होते. पहारेकऱ्यांना काही ऐकूच गेलं नाही. एवढ्या लांबीच्या तटाला माणसं कमी पडली की किल्ला पडतो, आणि तुमच्या घरात माणसं पाच. पहिले काही दिवस आपला बोळ आणि आपला दिंडी दरवाजाच बरा.

पॉपहॅमच्या जोड्यांची गोष्ट मात्र विसरू नका. या मुलखात एक मोठी लढाई आवाज न केल्यामुळे जिंकली गेली आहे.

तिसरी पायरी: बंदुकीचा हिशेब

चंबळच्या या पट्ट्यात बंदूक म्हणजे घराण्याची शान. लग्नात खांद्यावर, मोटारसायकलवर पाठीला. त्यामुळे इथे बंदुकीविरुद्ध बोलणं अवघड जातं, पण हिशेब मांडायलाच हवा.

१२ बोअरची दुनळी सर्वांत ओळखीची. जवळून तिचा मारा भयंकर असतो. काडतुसात आठ नंबरचे बारीक छर्रे असतील तर ते शेकडो असतात, लवकर पसरतात आणि हाडापर्यंत जोर टिकत नाही. एलजी नावाच्या काडतुसात मोजकेच मोठे गोळे असतात, तेच या कामाचे. तरीही डोक्यावर खात्रीचा बार हवा तर अंतर दहा-पंधरा पावलांच्या आत हवं. दोन बार झाले की नळी मोडून टरफलं काढायची आणि नवी दोन भरायची. वडिलांना रिकाम्या टरफलांनी यासाठी नऊ सेकंद लागले, तेही खुर्चीत बसून, हात न थरथरता. संथ चालणारा सेकंदाला साधारण एक मीटर येतो. नऊ मीटर म्हणजे आमचा अख्खा चौक.

३१५ बोअरची रायफल, जिला इकडे पचफेरा म्हणतात, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. बोल्ट ओढून भरायची, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या. गच्चीवरून, मांडी घालून, नळीला आधार देऊन मारणाऱ्यासाठी ती दुनळीपेक्षा कितीतरी सरस. पण तिची गोळी एका डोक्यात थांबत नाही. दाट वस्तीत पलीकडच्या खिडकीमागे कोण आहे हे ठाऊक नसताना ती चालवणं मला मान्य नाही, मग समोर झॉम्बी का असेना.

.३२ चं रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्यानं काढलेलं निर्भीक तर जेमतेम अर्ध्या किलोचं. जिन्यात वागवायला सोपं, पण आखूड नळीचं हत्यार चालत्या डोक्यावर अचूक लागण्यासाठी वर्षानुवर्षं सराव लागतो, आणि वर्षाला चार गोळ्या उडवून सराव होत नाही.

कट्ट्याचं नावही काढू नका. गावठी कट्टा हातात फुटतो. बोटं गेलेली माणसं या भागात शोधावी लागत नाहीत. शिवाय तो बाळगणं हाच गुन्हा आहे.

आणि आता पुतणीचा प्रश्न. बोळात बार काढला की आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत जातो. पहिल्या बारानंतर तुमच्याच कानांत शिट्टी वाजते, मागून येणारी पावलं ऐकू येत नाहीत आणि चार बोळांपलीकडचेही तुमच्या दाराकडे वळतात. एकाला मारून दहांना बोलावणं हा सौदा मला पटत नाही. म्हणून आमच्या घरात बंदूक शेवटच्या क्रमांकावर आहे: गच्चीवर, परवानाधारकाच्याच हातात, आणि फक्त घर सोडून जायचं ठरलं तरच. तेव्हा आवाज मागे राहील आणि आपण पुढे निघून जाऊ.

कायद्याचं इथेच सांगून टाकतो, कारण परवाना संकटाच्या दिवशी मिळत नाही. वय २१ पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग पोलिसांचा अहवाल, शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. त्याच दुरुस्तीनं लग्नातल्या हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला, आणि ते फार बरं झालं. त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना मागणाऱ्यांना दहा झाडं लावून त्यांच्यासोबतचा फोटो आणायला सांगितलं होतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत तर परवान्याच्या बंदुका बहुधा ठाण्यात जमा कराव्या लागतात. म्हणजे वर्षातले काही आठवडे पाटावरची दुनळी घरात नसेल असं धरूनच बेत आखायला हवा.

एक उपयोगी गोष्ट मात्र या खात्यात सापडली. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या छर्ऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही. तिनं झॉम्बी मरणार नाही. पण गच्चीवरून पलीकडच्या पडक्या घराच्या पत्र्यावर छर्रा मारला की टण्ण आवाज तिकडे होतो आणि सगळे तिकडे वळतात. दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्बही याच कामाचे, फक्त ते कोरड्या डब्यात ठेवा.

चौथी पायरी: लोखंड आणि लाकूड

इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि गेला ते योग्यच.

पहिला मान कुऱ्हाडीला मिळेल असं वाटलं होतं. होळीसाठी आणलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर मी ती पूर्ण ताकदीनं घातली. पातं चार बोटं आत गेलं आणि तिथेच बसलं. दांडा वर-खाली हलवला, मग ओंडक्यावर पाय देऊन ओढलं, मग पाय घसरला. पुतणी मोठ्यानं आकडे मोजत होती. सतराव्या आकड्याला कुऱ्हाड सुटली. तेवढ्या वेळात दुसरा झॉम्बी खांद्यावर आलेला असतो. कुऱ्हाड वापरायचीच तर उलटी धरून, तुंब्याच्या बाजूनं. मग सरळ हातोडाच का घेऊ नये?

तलवार दिसायला देखणी. दसऱ्याला लष्करमधल्या कंपू भागातल्या टेकडीवरच्या मांढरे की माता देवळापाशी शमीपूजनात शिंद्यांच्या घराण्याची तलवार बघताना आजही अंगावर काटा येतो. पण तलवार मांस कापते, कवटी फोडत नाही. आमच्या तलवारीची मूठ तर हलते, आणि हलत्या मुठीचं शस्त्र पूजेसाठीच. दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, त्याचा आम्हा बाहेरच्या मराठी माणसांनाही अभिमान आहे. पण त्याची खरी करामत चहूबाजूंनी फिरण्यात आहे, आणि त्यासाठी मैदान हवं. जिन्यात तो भिंतीला लागतो. खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या त्याच्या लोखंडी मुठीत, मनगट अडकलेलं असल्यामुळे पातं हाडात रुतलं तर हात सोडवून पळताही येत नाही. त्याचा खोबळा मात्र लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहार आमच्या घरातली सर्वांत घातक वस्तू. पाच फूट लांब, सहा किलो. तिचा फटका बसला तर प्रश्नच मिटतो. पण मी अकरा वेळा फिरवली आणि बाराव्या वेळी हात खांद्याच्या वर जाईना. वजनदार हत्यार पहिल्या झॉम्बीसाठी उत्तम आणि सहाव्यासाठी निरुपयोगी. म्हणून पहार फिरवू नका. ती दाराला अडसर म्हणून लावा, तिथे तिच्या वजनाचा खरा उपयोग होतो.

विळी, कोयता, सुरा: झॉम्बीच्या तोंडाइतक्या जवळ गेल्याशिवाय चालत नाहीत. स्वयंपाकघरात राहू द्या.

आता लांब दांड्याची गोष्ट. महादजींनी द बॉइन्य या युरोपीय सेनानीकडून ज्या कवायती पलटणी उभ्या केल्या त्यांना कंपू म्हणत, आणि आमच्या लष्कर भागातल्या कंपूचं नाव अशाच छावणीचं. या पलटणींचं बळ बंदुकीत जितकं होतं तितकंच तिच्या टोकाच्या संगिनीत होतं. खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली रांग घोडेस्वारालाही अंगावर येऊ देत नसे. एकट्याच्या शौर्यापेक्षा लांब दांडा आणि शेजारचा माणूस यांवर भर. घराच्या दारातही हेच चालतं.

आधी आम्ही भाल्याचा विचार केला. पण भाल्याचं टोक अंगात घुसतं आणि ज्याला दुखत नाही तो भाल्यावरून चालत तुमच्यापर्यंत येतो. टोक घुसायला नको, अडायला हवं. हे सुचलं ते आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीमुळे. दोरी वर उचलून धरायला ती बेळक्याची, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली, काठी लावते.

त्याच संध्याकाळी आम्ही बाभळीचं जाड बेळकं बघून सव्वापाच फुटी काठी केली. मी छातीला उशी बांधली, डोक्यावर हेल्मेट घातलं आणि चौकातून दिंडी दरवाजाकडे चालत निघालो. अकरा वर्षांच्या पोरीनं बेळकं उशीवर टेकवलं आणि काठीचं दुसरं टोक दगडी उंबऱ्याच्या खाचेत अडवलं. माझं वजन ७४ किलो. मी रेटलं, बाजूला वळलो, पुन्हा रेटलं. काठी करकरली, पण मला पाऊल पुढे टाकता येईना. तिच्या हातांवर भारच नव्हता, भार उंबरा घेत होता. तेवढ्यात वडील बाजूनं आले आणि उशाशी ठेवायच्या लोडानं त्यांनी माझ्या हेल्मेटवर एक दणका दिला.

आमची निवड तिथेच झाली. एकानं बेळक्यानं अडवायचं, दुसऱ्यानं दीड-दोन किलोच्या, हातभर दांड्याच्या हातोड्यानं कानशिलावर मारायचं. अडवलेलं डोकं हलत नाही, म्हणून घाव घसरत नाही. आवाज नाही, काडतुसं नाहीत, परवाना नाही. हातोडा निवडताना लोहिया बाजारात जाऊन चार-पाच हातात घेऊन बघा: हात सरळ पुढे करून वीस आकडे मोजेपर्यंत धरता आला तो तुमचा. दांडा लाकडी असेल तर पाचर बसलेली आहे का पाहा. एकट्यानं फिरायची वेळ आली तर टोकाला लोखंडी शेंबी बसवलेली साडेचार फुटी बांबूची काठी घ्या, गुडघ्याच्या बाजूवर मारून पाडा आणि निघा. मारत बसू नका.

नियमाचं एक ध्यानात असू द्या: घरकामाची किंवा शेतीची नसलेली, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. हातोडा आणि काठीला ती अडचण नाही.

पाचवी पायरी: चावा अडवा

शस्त्रावर हजार रुपये खर्च केलेत तर अंगावरच्या संरक्षणावर दोन हजार करा. चावा बहुतेक वेळा पुढे केलेल्या हातावर बसतो, म्हणून आधी कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग झाका. खोबळा करतो तेच काम जाड पुठ्ठा आणि त्यावर चिकटपट्टी करते. क्रिकेटचे पॅड, हॉकीचे नडगीरक्षक, काच असलेलं हेल्मेट, कातडी हातमोजे हे सगळं घरात असतंच. जानेवारीच्या थंडीत जुनी रजई कापून बाह्या शिवता येतील. मेमध्ये ४५ अंशांत रजई घातलेला माणूस झॉम्बीआधी उन्हानं पडेल, तेव्हा फक्त हात आणि मान झाका, बाकी सुती.

सरावात भटकं कुत्रं चावलं, जे एकदा माझ्या बाबतीत घडलं, तर तो खेळ नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. चाव्यातून मेंदूपर्यंत पोचणारा हा रोग खराखुरा आहे, आणि लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही.

सहावी पायरी: माठ फोडा

साडेपाच फुटांच्या बांबूवर जुना माठ उपडा बांधा. हा तुमचा झॉम्बी. डोळ्यांवर चष्मा किंवा हेल्मेटची काच हवीच, खापऱ्या उडतात. आधी उभं राहून मारा, मग चार पावलं चालत येऊन, मग पंचवीस वेळा जिना चढून-उतरून धापा टाकत. तिसऱ्या प्रकारात माझे पाचपैकी तीन घाव हुकले. खरा आकडा तोच धरायचा. माणसावर सराव करताना हातात फक्त लोड किंवा उशी. बंदूक सरावात आणायची नाही, रिकामी असली तरी नाही. तिच्यासाठी रायफल क्लब आहेत, तिथे शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालीच शिका.

घरात कुणी काय करायचं हेही आताच ठरवा. आमच्याकडे पुतणी बेळक्यावर, मी हातोड्यावर, वहिनी एअरगन घेऊन गच्चीवर, वडील दुनळीसह तिच्या मागे, आणि आई पाणी व औषधांच्या पेटीपाशी. आईनं स्वतःहून आणखी एक काम घेतलं आहे: कुणी ओरडलं तर त्याला गप्प करणं.

बेळक्याची काठी दिंडी दरवाजाच्या मागे, उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवरच्या खुंटीवर टांगा. त्या खुंटीवर छत्री नको, पिशवी नको, काही नको. वीज गेलेली असताना अंधारात हात घातला की तीच हाती लागली पाहिजे.